फेडसेम एपिसोड : कामाच्या नोंदी

१४ जून

विषय ठरला एकदाचा. पुढचा ऑडिओ एपिसोड फेडरल थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ सदर्न आफ्रिका, तिकडे सगळे तिला फेडसेमच म्हणतात. १९६३ ते १९९३. अपार्थाइड, म्हणजे तिथली वर्णभेदाची राजवट, ऐन भरात असताना चार चर्चेसनी मिळून काळ्या पाळकांच्या ट्रेनिंगसाठी एक कॉम्प्लेक्स उभं केलं, सरकारने ते काढून घेतलं, मग एका बांटुस्तानच्या (गोऱ्या सरकारने काळ्यांसाठी वेगळा तोडून दिलेला नावापुरत्या स्वराज्याचा प्रदेश) मुख्यमंत्र्याने हाकललं, तरी ते कुठेकुठे जाऊन टिकलं, आणि मंडेला सुटले, सगळं मोकळं व्हायला लागलं तेव्हा बंद पडलं. मला ह्या शेवटच्या तुकड्यासाठी एपिसोड करायचाय. सरकार वाईट, सेमिनरी शूर, हे खरंच आहे पण ते कुणीही दहा मिनिटांत सांगेल.

पार्टनर (एडिट त्याचं, स्क्रिप्ट माझं) म्हणतो चर्चचा विषय आहे, ऐकणार कोण, टुटूंचं नाव टायटलमध्ये घाल. घालू. पण डेस्मंड टुटू, पुढे केपटाउनचे आर्चबिशप झालेले, तिथे जेमतेम तीन वर्षं शिकवायला होते, त्यांच्याभोवती सगळं फिरवलं तर बाकीच्या सत्तावीस वर्षांचं काय करायचं, हा प्रॉब्लेम आत्ताच दिसतोय.

१७ जून

आज फक्त नकाशा. ऐकणाऱ्याला नकाशा दिसत नाही, त्यामुळे तो शब्दांत बसवणं हे ह्या एपिसोडचं निम्मं काम आहे.

अ‍ॅलिस. ईस्टर्न केप प्रांतातलं छोटं गाव, ट्युमे नदीच्या काठी. क्वीन व्हिक्टोरियाच्या मुलीच्या नावावरून नाव. गाव छोटं पण आजूबाजूला काय आहे बघा. एक, लव्हडेल, स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२४ मध्ये सुरू केलेलं स्टेशन, शाळा, छापखाना, सगळं. दोन, फोर्ट हेअर, जुन्या ब्रिटिश किल्ल्याच्या जागेवर १९१६ मध्ये निघालेलं कॉलेज, जिथे मंडेला, ऑलिव्हर टांबो, रॉबर्ट सोबुक्वे, रॉबर्ट मुगाबे, बोट्स्वानाचे सेरेत्से खामा, सगळे शिकले. आफ्रिकेच्या आख्ख्या दक्षिण भागाची काळी सुशिक्षित पिढी ह्या दोन-चार किलोमीटरमधून गेलेली आहे. आणि तीन नंबर फेडसेम, स्कॉटलंडच्या चर्चची जागा घेऊन त्यावर बांधलेलं, फोर्ट हेअरला अगदी खेटून. ह्या खेटून असण्यामुळेच पुढचं सगळं रामायण आहे म्हणून स्क्रिप्टमध्ये पहिल्या पाच मिनिटांत हे दोनदा सांगणार.

जाता जाता, ग्लासगोचे मिशनरी लव्हडेलला गेले त्याच सुमाराला, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनवाले आपल्या कोकणात बाणकोटला उतरले होते. पुढे त्याच स्कॉटिश परंपरेतून मुंबईचं विल्सन कॉलेज. म्हणजे लव्हडेल आपल्याला वाटतं तेवढं लांबचं नाही. हे एका वाक्यात येईल, जास्त नको, नाहीतर एपिसोड बाणकोटलाच राहील.

२० जून

कायद्यांचा भाग लिहायला घेतला. बोअर होऊ न देता चार कायदे सांगायचे म्हणजे डोकेदुखी. शेवटी कायदे कमी आणि "कोण कुठून का निघालं" जास्त असं केलं, ते बरं वाटतंय.

चार कॉलेजं चार वाटांनी अ‍ॅलिसला आली. सेंट पीटर्स हे अँग्लिकन, जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात होतं, इंग्लंडच्या मिरफील्डचे कम्युनिटी ऑफ द रिझरेक्शनचे साधू ते चालवायचे. टांबो तिथल्या शाळेत शिकले आणि नंतर तिथेच शिकवायला होते. १९५३चा बांटू एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, मिशनच्या शाळा सरकारकडे द्या नाहीतर अनुदान विसरा, तर ह्यांनी शाळाच १९५६ मध्ये बंद केली. पाळकांचं कॉलेज तेवढं राहिलं, टुटू तिथेच १९५८ ते ६० शिकले. पण ग्रुप एरियाज अ‍ॅक्टच्या हिशेबाने तो भाग गोऱ्यांचा, तिथे काळे विद्यार्थी राहणार कसे.

अ‍ॅडम्स हे काँग्रिगेशनल, नाताळमधलं. त्याची मुळं अमेरिकन बोर्डाच्या मिशनमध्ये, डॉ. न्यूटन अ‍ॅडम्सच्या नावाने. अल्बर्ट लुथुली, ज्यांना पुढे १९६०चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं, ते अ‍ॅडम्समध्येच शिकले, शिकवलं. ते कॉलेजही बांटू एज्युकेशनमध्ये सरकारच्या घशात गेलं. इथे थांबून सांगायलाच पाहिजे की हा तोच अमेरिकन बोर्ड, ज्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले, ज्यातून अमेरिकन मराठी मिशन झालं, ज्याने नगरला १८४२ मध्ये ज्ञानोदय काढलं, आणि ज्याच्या नगरच्या सेमिनरीत रेव्हरंड टिळक शिकवत होते. लुथुलींच्या कॉलेजचा आणि टिळकांच्या सेमिनरीचा पैसा बॉस्टनच्या एकाच ऑफिसातून यायचा!

मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन विद्यार्थी मात्र आधीपासून फोर्ट हेअरलाच होते, चर्चची आपापली हॉस्टेलं होती, मेथडिस्टांचं वेस्ली हाउस, प्रेस्बिटेरियनांचं आयोना. १९५९ मध्ये सरकारने फोर्ट हेअर ताब्यात घ्यायचा कायदा केला. झेड. के. मॅथ्यूज, तिथले सगळ्यात मोठे प्राध्यापक, फोर्ट हेअरचे पहिले पदवीधर, रिटायर व्हायला थोडकाच काळ राहिलेला, तरी राजीनामा दिला आणि पेन्शन घालवली. नंतर जिनिव्हाला वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसमध्ये गेले. पेन्शनचं हे मी सविस्तर ठेवणार आहे. आपल्याकडे पेन्शन घालवली म्हटलं की माणूस किती चिडला असेल ते लगेच कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

२३ जून

मग १९६३ मध्ये सुरू. सेंट पीटर्स अँग्लिकनांचं, जॉन वेस्ली मेथडिस्टांचं, सेंट कोलंबाज प्रेस्बिटेरियनांचं, अ‍ॅडम्स काँग्रिगेशनलांचं. चौघांचे आपापले प्रिन्सिपल, आपापली उपासना, राहायचं आपापल्या आवारात, पण वर्ग एकत्र आणि लायब्ररी एकच. म्हणजे मेथडिस्ट पोरगा अँग्लिकन साधूकडून चर्चचा इतिहास शिकणार आणि शेजारी प्रेस्बिटेरियन पोरगा बसलेला. शिकवणाऱ्यांत गोरे-काळे दोन्ही, एकाच आवारात शेजारी शेजारी राहणारे. विद्यार्थी सरकारी भाषेत आफ्रिकन, कलर्ड, इंडियन, सगळे. गोरा विद्यार्थी मात्र नाही.

आता इथे जे आहे ते नीट मांडायचंय. गोरे अँग्लिकन कुठे शिकत होते? ग्रॅहम्सटाउनला, सेंट पॉल्समध्ये. गोरे मेथडिस्ट? तेही ग्रॅहम्सटाउनलाच, ऱ्होड्स युनिव्हर्सिटीत. अ‍ॅलिसपासून शंभरेक किलोमीटर. तिथे अँग्लिकनांनी आणि मेथडिस्टांनी मिळून एक सेमिनरी काढावी असं काही झालं नाही. त्यांच्यावर वेळच आली नाही. वेळ आली ती काळ्या विद्यार्थ्यांवर, चारही चर्चेसच्या काळ्या विद्यार्थ्यांचं छप्पर एकदमच गेलं म्हणून ते एका छपराखाली आले. वर्ल्ड कौन्सिलवाले ज्याला एकी म्हणून नावाजत होते, परदेशी पैसाही ज्यासाठी येत होता, ती एकी अशी झाली. कुणी मनापासून केली नाही असं म्हणत नाही मी, ज्यांनी केली ते खरंच त्यासाठी झटले. पण सुरुवात कुठून झाली ते विसरून चालणार नाही.

(डच रिफॉर्म्ड चर्च ह्यात नाहीच. त्यांनी १८५७च्या सिनडमध्येच, म्हणजे चर्चच्या धोरण ठरवणाऱ्या सभेत, काही लोकांच्या "दुर्बलते"मुळे प्रभुभोजन वेगवेगळं घ्यायला हरकत नाही असं ठरवलं होतं, मग वेगळी चर्चेस, वेगळ्या सेमिनऱ्या, सगळं रंगाप्रमाणे. १८५७ म्हटलं की आपल्या डोक्यात दुसरंच काहीतरी येतं. पार्टनर म्हणाला हे काप. कापणार नाही, वीस सेकंदांत बसतंय.)

२६ जून

पाळकसाहेबांना फोन केला, नगरचे, आता रिटायर, आमच्या मागच्या एका एपिसोडमध्ये त्यांचा आवाज होता. त्यांना अ‍ॅलिस, फेडसेम काही माहीत नव्हतं, पण चार चर्चेसची नावं घेतल्यावर लगेच म्हणाले, "अरे हे तर आपलंच की, नागपूर!" आणि बरोबर आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल आधीच एक झालेले ते आले, ब्रिटिश मेथडिस्ट आले, शिवाय बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स. साउथमध्ये तर १९४७ लाच. म्हणजे फेडसेममध्ये जी मंडळी एका वर्गात बसून शिकत होती तीच मंडळी इकडे एका चर्चमध्येच आली. दक्षिण आफ्रिकेत एकीची बोलणी झाली, चर्च युनिटी कमिशन बसलं, टुटू पण त्यात होते, पण एक चर्च काही झालं नाही. काँग्रिगेशनल तेवढे आपापसात १९६७ मध्ये एक झाले.

मी विचारलं असं का असेल. पाळकसाहेब म्हणाले, "बाळा, धर्मशास्त्रात उत्तर शोधू नकोस. जमीन कुणाच्या नावावर आणि पगार कुठून येतो ते बघ, मग कळेल." परवानगी घेऊन हे वाक्य रेकॉर्ड केलंय. फोनवरचं असल्यामुळे मागे प्रेशर कुकरची शिट्टी आहे, राहू दे तशीच.

३० जून

टुटूंचा सीन. ह्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाऊ दिला.

१९६७ मध्ये टुटू लंडनहून शिकून परत आले आणि सेंट पीटर्समध्ये लागले, तिथले पहिले काळे शिक्षक. धर्मसिद्धांत, जुना करार आणि ग्रीक शिकवायचे, लायब्ररीत त्यांची बायको लेआ मदतनीस. मुलांना त्यांनी स्वाझीलंडच्या शाळेत पाठवलं होतं, का तर बांटू एज्युकेशनचा अभ्यासक्रम मुलांच्या माथी नको. म्हणजे स्वतः देशात शिकवतोय आणि पोरं देशाबाहेर. शिवाय फोर्ट हेअरच्या अँग्लिकन विद्यार्थ्यांचे ते चॅप्लन, म्हणजे रोजचं जाणंयेणं शेजारी.

१९६८चा ऑगस्ट, प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, आणि टुटूंनी एका प्रवचनात दक्षिण आफ्रिकेची तुलना सरळ ईस्टर्न ब्लॉकशी केली. लक्षात घ्या, प्रिटोरियाचं सरकार उठता बसता कम्युनिस्टांच्या नावाने बोटं मोडायचं, त्याला म्हणायचं की तुम्ही पण तेच. मग सप्टेंबरमध्ये फोर्ट हेअरचे विद्यार्थी ठिय्या देऊन बसले. पोलीस आले, बंदुका, कुत्री, मुलांना घेरलं. टुटू ते घेराव ओलांडून आत गेले, मुलांमध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. बस, एवढंच. दगड नाही, भाषण नाही. सरकारी बळ असं अंगावर येताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर प्रार्थना करताना त्यांना रडू आवरेना.

हे वाचून मी स्क्रिप्टमध्ये भारी भारी विशेषणं घातली होती, रात्री सगळी काढून टाकली. कुत्र्यांचा साउंड इफेक्ट पण नको. घेराव, तो ओलांडून जाणारा कॅसॉकमधला (पाळकाचा लांब झगा) बुटका माणूस, दुसऱ्या दिवशीचं रडू. जानेवारी १९७० मध्ये टुटू लेसोथोला रोमाच्या युनिव्हर्सिटीत गेले, एपिसोडमधून बाहेर. पार्टनरला सांगितलंय की टायटलमध्ये नाव आहे तरी पंचवीसाव्या मिनिटाला ते जाणार, लोक पळाले तर पळाले.

३ जुलै

रॉबेन आयलंडवाले. हा भाग मला आधी अजिबात माहीत नव्हता. स्टॅन्ली मोगोबा आणि न्जोंगोन्कुलु न्डुंगाने, दोघंही सोबुक्वेंच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस ह्या अपार्थाइडविरोधी पक्षाचे, दोघांनी रॉबेन आयलंडवर, म्हणजे केपटाउनजवळच्या तुरुंगाच्या बेटावर, शिक्षा भोगली. सुटल्यावर मोगोबा मेथडिस्ट म्हणून फेडसेमला आले, न्डुंगाने अँग्लिकन म्हणून सेंट पीटर्सला. पुढे मोगोबा मेथडिस्ट चर्चचे प्रिसायडिंग बिशप झाले आणि न्डुंगाने टुटूंनंतर १९९६ मध्ये केपटाउनचे आर्चबिशप. म्हणजे दगडाच्या खाणीत दगड फोडलेली माणसं येऊन ग्रीक व्याकरण करतायत. असा वर्ग शिकवणं सोपं नसणार, आणि गोऱ्या मिशनऱ्याला तर नाहीच.

१९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं मारली, ती सभा ह्याच पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसची होती, काळ्यांना सक्तीने जवळ बाळगायला लावलेल्या पासांविरोधात. हे आधी कुठेतरी यायला हवं, नाहीतर रॉबेन आयलंडचा संदर्भ लागणार नाही. शार्पव्हिल पहिल्या पाच मिनिटांत टाकतो.

५ जुलै

बिको. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ब्लॅक कॉन्शसनेस चळवळीचे पुढारी स्टीव्ह बिको ह्यांचं नाव ऐकलेलं असेल. किंग विल्यम्स टाउन, बिकोंचं गाव, अ‍ॅलिसपासून साठेक किलोमीटर. लव्हडेलमध्ये ते पोरवयात काही महिने होते, काढून टाकलं. सासो ही काळ्या विद्यार्थ्यांची संघटना १९६८-६९ मध्ये निघाली आणि फेडसेमचे विद्यार्थी तिच्यात होतेच. फोर्ट हेअरच्या कॅम्पसवर ज्या चळवळीला सरकार उभं राहू देत नव्हतं ती कुंपणापलीकडे बिनधास्त चालायची, कारण जमीन चर्चची, वर्ग चर्चचे, रेक्टरचं काही चालत नाही.

ब्लॅक थिऑलॉजीबद्दल किती सांगायचं हा प्रश्न आहे. सोप्या भाषेत, देव कुणाच्या बाजूने आहे हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गोऱ्या मिशनऱ्याकडून उसनं न घेता स्वतः द्यायचं. सेंट पीटर्सचा साबेलो न्ट्वासा हा विद्यार्थी ह्यात पुढे होता. त्यावरचा निबंधसंग्रह निघाला तर त्याच्यावर बंदी आली. मला इथे दलित साहित्याची, १९७२च्या दलित पँथरची आठवण होते, काळ तोच, पण त्या दोघांचा थेट संबंध दाखवता येत नाही म्हणून स्क्रिप्टमध्ये घेत नाही. पार्टनर नाराज. त्याला हेच हवं होतं.

सेंट पीटर्सचे प्रिन्सिपल एल्रेड स्टब्स, मिरफील्डचे गोरे इंग्लिश साधू, हे बिकोंचे जवळचे मित्र. १२ सप्टेंबर १९७७ ला बिको पोलीस कोठडीत मेले आणि पुढच्या वर्षी त्यांचे लेख स्टब्सनी संपादित करून बाहेर काढले. गोऱ्यांनी आमच्या चळवळीत पुढारपण करू नये म्हणणारा माणूस, आणि त्याचे कागद एका गोऱ्या साधूने सांभाळले. ह्यावर मी काहीच कॉमेंट करणार नाही, नुसतं सांगून पुढे जाणार.

९ जुलै

नोव्हेंबर १९७४. हा एपिसोडचा मधला खांब.

सरकारने नोटीस काढली की फेडसेमची जागा संपादित केली आहे, फोर्ट हेअरला वाढायला जागा हवी. कागदावर कारण किती साधं! भूसंपादन. ज्याने धरणाचा नाहीतर एमआयडीसीचा पट्टा बघितलाय त्याला "सार्वजनिक हित" ही भाषा पाठ आहे. चर्चेसनी विरोध केला, परदेशातून आवाज उठला, उपयोग शून्य. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बाहेर पडायचं होतं. चारही कॉलेजांची चॅपेलं, हॉस्टेलं, शिक्षकांची घरं, लायब्ररी, दहा-अकरा वर्षांपूर्वी उभं केलेलं सगळं, जमिनीसकट, फोर्ट हेअरला.

खरं कारण काय ते मागच्या दोन नोंदींत आलंय. कुंपणापलीकडचा कॅम्पस नको होता. फोर्ट हेअर सरकारचं झालं होतं आणि त्याच्या उशाशी एक अशी जागा होती जिथे गोरे-काळे शिक्षक शेजारी राहतात, पोरं मोकळं बोलतात आणि ज्यांना काढून टाकायचा अधिकार मंत्र्याला नाही. अशी जागा त्यांनी अकरा वर्षं सहन केली हेच जास्त.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीय. ग्रॅहम्सटाउनला ह्या वर्षी काहीच झालं नाही. सेंट पॉल्सला कुणी नोटीस दिली नाही, ऱ्होड्सलाही नाही. त्याच अँग्लिकन चर्चचं एक कॉलेज ट्रकमध्ये पुस्तकं भरतंय आणि दुसऱ्यात परीक्षा वेळेवर. चर्चने निषेधाचे ठराव केले. पण मग आमचे सगळेच विद्यार्थी एकत्र शिकतील, हिंमत असेल तर काढा ते कॉलेज, असं कुणी केलं नाही. कायदा आडवा होता हे मान्य. तरी.

११ जुलै

उम्टाटा. छोटा भाग, छोटाच ठेवतो. ट्रान्सकाय हे पहिलं बांटुस्तान, १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये "स्वतंत्र" होणार होतं, जगात दक्षिण आफ्रिका सोडून कुणी मान्यता दिली नाही. तिथल्या सेंट बीड्स ह्या अँग्लिकन कॉलेजात फेडसेमने १९७५ मध्ये आसरा घेतला. मुख्यमंत्री कायझर मातान्झिमा, मंडेलांच्याच थेंबू घराण्यातले, पण प्रिटोरियाशी जुळवून घेतलेले. त्यांनाही हे लोक परवडेनात. वर्ष पुरं व्हायच्या आत बाहेर. गोऱ्या सरकारने हाकललं, मग काळ्या मुख्यमंत्र्याने हाकललं, हे ऐकणाऱ्याला सलग ऐकू आलं पाहिजे, मध्ये म्युझिक नको.

१४ जुलै

एडेंडेल. मस्त जागा मिळाली सांगायला.

पीटरमॅरित्झबर्गच्या शेजारी. हो, तेच, जिथे ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून खाली उतरवलं. इथे १८५१ मध्ये जेम्स अ‍ॅलिसन नावाच्या वेस्लियन मिशनऱ्याबरोबर आलेल्या काळ्या ख्रिस्ती कुटुंबांनी पैसे जमवून शेतच विकत घेतलं. भाडेपट्टा नाही, मालकी. १९१३ च्या नेटिव्ह्ज लँड अ‍ॅक्टनंतर काळ्या माणसाला बहुतेक ठिकाणी जमीन घेता येत नव्हती, अशा देशात हे एक जुनं खातं शिल्लक राहिलेलं. सगळीकडून हाकललेली सेमिनरी शेवटी थांबली ती काळ्यांच्या मालकीच्या जमिनीवर, तिथल्या ले एक्युमेनिकल सेंटरमध्ये, तात्पुरत्या जागेत. पाळकसाहेबांचं "जमीन कुणाच्या नावावर" हे वाक्य आधी शेवटाला टाकणार होतो, आता इथे आणलंय. इथेच लागतं ते.

मग शेजारच्या इम्बाली टाउनशिपमध्ये नवीन कॅम्पस, १९८० मध्ये. इम्बालीला अ‍ॅडम्स आणि सेंट कोलंबाज मिळून एकच कॉलेज झालं, अल्बर्ट लुथुली कॉलेज. म्हणजे चारची तीन झाली, एकी एक पाऊल पुढे. प्रमुखांची नावं पण आता काळी. सायमन ग्कुबुले, मेथडिस्ट, अ‍ॅलिसच्या दिवसांपासूनचे. खोझा म्गोजो, तेही मेथडिस्ट, पुढे अपार्थाइडच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या टुटूंच्या ट्रुथ कमिशनवर सदस्य. ग्कुबुले नावातला जिभेचा टक् असा आवाज मला जमत नाही, पार्टनरला तर त्याहून नाही, सरळ आपल्या पद्धतीने म्हणायचं ठरलं.

१७ जुलै

ऐंशीचं दशक. इथे हात आखडता घेतोय कारण हा वेगळाच एपिसोड आहे. इम्बाली आणि एडेंडेलचं खोरं म्हणजे एकीकडे युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट ह्या अपार्थाइडविरोधी आघाडीवाले आणि दुसरीकडे इन्काथा ही झुलू संघटना, मागे पोलीस, आणि घराघरात मुडदे. मार्च १९९० च्या शेवटच्या आठवड्यात तर सात दिवस खुलं युद्ध, हजारो माणसं घर सोडून पळाली. मंडेला सुटून महिना-दीड महिना झालेला. भावी पाळक ज्या टाउनशिपमध्ये शिकतायत तिथेच रोज अंत्यविधी.

पार्टनरने विचारलं, इथे एखाद्या विद्यार्थ्याची गोष्ट टाकू का, नाव बदलून, म्हणजे काल्पनिक पण होऊ शकली असती अशी. नाही म्हटलं. जे झालं तेच भरपूर आहे.

२१ जुलै

१९९३. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं ह्यावर, प्रेमाचं.

त्याचं म्हणणं, सेमिनरीचं काम झालं, अपार्थाइड संपत आलं, म्हणून बंद झाली, हा हॅपी एंडिंग आहे, २७ एप्रिल १९९४ च्या मतदानाच्या रांगांच्या आवाजावर संपवू. ऐकायला छान आहे. पण मग झालं काय ते बघ म्हटलं. परदेशातून पैसा देणाऱ्यांचं लक्ष १९९० नंतर दुसरीकडे गेलं. चर्चेसना आपापली कॉलेजं हवीशी वाटायला लागली. मेथडिस्टांनी जॉन वेस्ली कॉलेज प्रिटोरियाला किल्नर्टनला नेलं. अँग्लिकनांनी सगळं एकत्र करून कॉलेज ऑफ द ट्रान्सफिगरेशन काढलं. कुठे? ग्रॅहम्सटाउनला, सेंट पॉल्सच्या आवारात. तेच, जिथे १९७५ मध्ये परीक्षा वेळेवर झाल्या. सेंट पीटर्स, रोझेटनव्हिलहून अ‍ॅलिस, अ‍ॅलिसहून उम्टाटा, तिथून एडेंडेल, मग इम्बाली, एवढं फिरून शेवटी गोऱ्यांच्या कॉलेजच्या जागी जाऊन मिसळलं. उम्टाटाचं सेंट बीड्स पण तिथेच.

तो म्हणाला, पण गोरे-काळे एकत्र शिकायला लागले ना? लागले, आणि ही छोटी गोष्ट नाही, ते स्क्रिप्टमध्ये ठळक ठेवलंय. पण फेडसेममध्ये चार चर्चेस एकत्र आणि रंग एकाच बाजूचे, आणि आता सगळे रंग एकत्र पण अँग्लिकन वेगळे, मेथडिस्ट वेगळे. दोन्ही एकदम मिळालेलं वर्ष त्या तीस वर्षांत एकही नाही. ज्यांना सरकारने ढकलून एकत्र आणलं त्यांना ढकलणारा गेल्यावर एकत्र ठेवायला कुणी पैसे काढले नाहीत. माझं म्हणणं इतकंच आहे. त्याला हे कडू वाटतं. असू दे कडू.

तडजोड : मतदानाच्या रांगा येतील, पण आधी, १९९३ च्या आधी. काळाचा क्रम मोडतो, पण निवेदनात वर्ष स्पष्ट सांगितलं की चालतं. शेवटी किल्नर्टन आणि ग्रॅहम्सटाउन.

२४ जुलै

रेकॉर्डिंग झालं, एक तास चार मिनिटं, कापून पन्नासच्या आत आणायचंय. पार्टनरला दिलेल्या सूचना : बाणकोट गेलं तरी चालेल, अमेरिकन बोर्ड आणि नगर नाही. मॅथ्यूजची पेन्शन नाही. १८५७चं सिनड त्याच्यावर सोडलं. ग्रॅहम्सटाउनचा उल्लेख तीन ठिकाणी आहे, ६३, ७५ आणि ९३, तिन्ही पाहिजेत, एक जरी काढला तरी बाकीच्या दोनांचा अर्थ लागणार नाही. नागपूरचा भाग त्याला लांबलाय वाटतं, मी म्हटलं निम्मा कर पण तारीख आणि चर्चेसची नावं ठेव, ऐकणाऱ्यांत सीएनआयवाले पुष्कळ असणार आणि ते पहिली कॉमेंट त्यावरच करतील.

कुकरची शिट्टी त्याने साफ केली होती, परत टाकायला सांगितली. टायटल अजून ठरलेलं नाही, टुटूंचं नाव त्यात असणार एवढं नक्की.